आजीच्या डब्यातले राजाछाप रुपये: नऊ लाख की मोडीचा भाव?

वाचक ताईंचं पत्र आलंय, थोडं आवरून देतोय:

"दादा, मी लातूर जिल्ह्यातली. माझी आजी दिवाळीनंतर गेली, नव्वदीची होती. तिची ट्रंक उघडली तर तळाशी पितळेच्या डब्यात, फडक्यात बांधलेली 43 नाणी निघाली. पाचांवर टकलू राजा आहे, बऱ्याच जणांवर मुकुटवाला राजा आणि 1916, 17, 18, 19 अशी सालं, त्यातलंच एक 1911 चं, चारांवर चारमिनार आणि उर्दू, चार 1942 ते 44 मधली आणि दोन नाण्यांच्या मागे वाघ. भाऊ म्हणतो 1918 चा एक रुपया नऊ लाखाला जातो, त्याने व्हिडिओ बघितलाय. त्यातल्या नंबरवर फोटो पाठवले तर समोरचा लगेच घेतो म्हणाला आणि आधी रजिस्ट्रेशनचे 2,550 रुपये भरा म्हणतोय. गावातला सराफ म्हणतो सगळी एकाच भावाने मोडीत घेतो, 80 टक्के चांदी धरून. आत्याचा मुलगा अमेरिकेत असतो, तो म्हणतो मला पाठवा, इकडे जास्त येतील. काका म्हणतात विका, वाटणी करा, मोकळे व्हा. नाणी काळी पडलीयेत, चिंचेने घासून ठेवू का? आणि भाऊ म्हणतो जुन्या घराची भिंत पाडायचीच आहे, त्यात अजून काही निघेल. मला काही सुचत नाहीये."

ताई, आजी गेल्याचं वाचून वाईट वाटलं. दोन गोष्टी आधी सांगतो, बाकीचं सावकाश वाचा. एक, तो रजिस्ट्रेशनवाला नंबर ब्लॉक करा, 2,550 सोडा, एक रुपयाही पाठवू नका. दोन, नाण्यांना चिंच लावू नका, निदान हे सगळं वाचून होईपर्यंत तरी नको.

आधी त्या फोनवाल्याचं बघू, कारण घाई तिथे आहे. हे लोक नाणं बघतच नाहीत, तुम्ही कशाचाही फोटो पाठवा, ते हो म्हणणार, दहा-वीस लाखाचा आकडा सांगणार, मग रजिस्ट्रेशन, ते भरलं की जीएसटी, मग कुरिअरचा इन्शुरन्स, मग टीडीएस, आणि प्रत्येक वेळी हे शेवटचंच बरं का, मग तुमचा चेक निघतो असं म्हणत राहणार, शिवाय रिझर्व्ह बँकेचा शिक्का मारलेलं एखादं पत्रही व्हॉट्सअपवर टाकतील म्हणजे माणसाचा विश्वास बसतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आमचा काही संबंध नाही, आम्ही कुणाकडून कसलं शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि आमच्या वतीने ते घ्यायचा अधिकारही कुणाला दिलेला नाही. भावाने चुकून पैसे भरले असतील तर लाजून गप्प बसू नका, लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावा आणि बँकेलाही कळवा, जितकं लवकर तितकं बरं. आधार कार्डाचा फोटो वगैरे पाठवलाय का तेही त्याला प्रेमाने विचारा, ओरडू नका, नाहीतर तो सांगणारच नाही. खरा नाणी घेणारा नाणं हातात घेतल्याशिवाय, काट्यावर ठेवल्याशिवाय, भिंग लावल्याशिवाय भाव बोलतच नाही, आणि तुमच्याकडे आगाऊ पैसे तर कधीच मागत नाही.

आता 1918 चा रुपया नऊ लाखाला का जाऊ शकत नाही ते सांगतो, म्हणजे भावाला समजावता येईल. त्या एका सालात मुंबई आणि कलकत्ता या दोन टांकसाळींनी मिळून 40 कोटींच्या वर रुपये पाडले. पहिलं महायुद्ध चालू होतं, इथून माल चालला होता, सैन्याचे पगार होते, आणि आपल्या लोकांना कागद नको होता, हातात खणखणीत रुपयाच हवा होता. चांदी इतकी कमी पडली की 30 नोव्हेंबर 1917 ला सरकारने पहिल्यांदा एक रुपयाची नोट काढली आणि त्या नोटेवर राजाच्या चांदीच्या रुपयाचंच चित्र छापलं. तरी भागेना, मग 1918 मध्ये अमेरिकेने कायदा करून आपल्या तिजोरीतले चांदीचे डॉलर वितळवले आणि 20 कोटी औंसांच्या आसपास चांदी हिंदुस्थानासाठी विकली. म्हणजे बघा, तुमच्या आजीच्या डब्यातल्या एखाद्या रुपयात अमेरिकेच्या डॉलरची चांदी असूही शकते! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी माझ्याकडचा 1919 चा रुपया किती वेळ हातात धरून बसलो होतो. पण गोष्ट मोठी आणि भाव मोठा हे एक नाही. कोट्यवधी रुपये निघाले, लोकांनी ते गाडग्यात, ट्रंकेत, कोठीत जपले, आणि आजही ते घराघरातून निघतात, त्यामुळे घासलेल्या 1916 ते 1919 च्या रुपयाचा भाव म्हणजे त्यातल्या चांदीचा भाव आणि वर थोडंसं, बस्स.

जुन्या नाण्याला असे दोन भाव असतात. एक धातूचा, जो रोज बाजाराबरोबर वरखाली होतो, आणि दुसरा संग्राहकाचा, जो ते नाणं किती दुर्मिळ आणि किती चांगल्या अवस्थेत आहे यावर ठरतो. सालाचा जुनेपणा यात फार कमी येतो, लोक तिथेच फसतात. 43 नाण्यांतल्या बहुतेकांना पहिलाच भाव लागू आहे, एक-दोघांना कदाचित दुसरा. पण पहिला भावही कमी नाहीये हं, आणि तो नीट काढायला पाहिजे, कारण तुमचा सराफ तिथेच चुकतोय.

घरी बसून वेगळे ढीग करा. दोन गोष्टी लागतील, पॉइंटनंतर दोन आकडे दाखवणारा छोटा डिजिटल काटा आणि एक लोहचुंबक.

वाघवाली दोन आधी बाजूला काढा. ती 1946-47 ची असणार, पुढे सहावा जॉर्ज, मागे वाघ, आणि त्यात चांदी शून्य, नुसतं निकेल आहे. चुंबक लावा, टपकन चिकटतील. देखणं नाणं आहे, ठेवून द्या, पण चांदीच्या हिशोबात धरू नका.

मग 1942 ते 44 ची चार. यांच्यावर मुकुटवालाच राजा आहे म्हणून घरात सगळे त्यांना इतरांसारखंच राजाछाप समजतात, पण हा वेगळा राजा, सहावा जॉर्ज, आणि 1940 पासून दुसऱ्या महायुद्धात रुपयातली चांदी कमी करून निम्मी केली होती. वजन तेवढंच, 11.66 ग्रॅम, पण शुद्ध चांदी 5.83 ग्रॅम. ओळखायला काठ बघा, जुन्या रुपयाच्या काठावर सरळ उभ्या रेघा असतात, या नाण्यांच्या काठाला मधोमध एक खाच आणि तिच्यात नक्षी आहे, खोटी नाणी पाडणाऱ्यांना अडवायला केली होती ती. बोट फिरवलं तरी कळतं. यातली चांदी हलकी असल्याने ती काळीपेक्षा करडी-पिवळट पडतात.

आता खरा माल. टकलू राजा म्हणजे सातवा एडवर्ड, त्याचे रुपये 1903 ते 1910 चे, डोक्यावर मुकुट नाही आणि तोंड आपल्या उजवीकडे. मुकुट आणि भरजरी झगा घातलेला, डावीकडे बघणारा तो पाचवा जॉर्ज. या दोघांचे रुपये एकाच मापाचे, एक तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे 91.7 टक्के, आणि शुद्ध चांदी 10.69 ग्रॅम. आपल्याकडे जुनी माणसं "रुपयाभार" म्हणतात ना, ते याचंच वजन, आणि 80 रुपये भरले की एक शेर. किराणा दुकानात तराजूत रुपये टाकून माल मोजायचे ते काही उगाच नाही.

तुमच्या पत्रावरून पाच एडवर्डचे आणि 1911 चा धरून 28 पाचव्या जॉर्जचे, म्हणजे 33 रुपये असे आहेत. 33 गुणिले 10.69, झाली 352 ग्रॅमच्या वर शुद्ध चांदी. सराफ म्हणतो 80 टक्के, म्हणजे तो 308 ग्रॅमच धरणार. सरळ 45 ग्रॅमचा फरक पडला आणि तुम्हाला कळलंही नाही. तो मुद्दाम फसवतोय असं मी म्हणत नाही, मोडीत पैंजण, वाळे, करंडे येतात त्यात डाख म्हणजे जोडाचा धातू असतो, चांदी हलकी असते, म्हणून सरसकट 80 धरायची सवय असते. पण राजाछाप रुपया म्हणजे पैंजण नव्हे, तो सरकारी टांकसाळीतला माल आहे. त्याला म्हणा टंच म्हणजे शुद्धता मोजायच्या मशीनवर लावून दाखवा, 91-92 च्या आसपास आलं की त्याच हिशोबाने बोला. मशीन नसेल तर तालुक्याला किंवा लातूरला ज्याच्याकडे आहे तिथे जा, दोन-तीन ठिकाणी विचारा. आणि आटवून टंच काढतो म्हणाला तर एकही नाणं देऊ नका, मुशीत गेलेलं नाणं परत येत नाही.

झीज मात्र धरायला लागते. हातोहाती फिरलेला रुपया 11.66 चा 11.4 किंवा 11.3 भरतो, ते साहजिक आहे. पण एखादा 10 च्या खाली भरला किंवा बाकीच्यांपेक्षा जाड-पातळ लागला तर तो वेगळा ठेवा, खोटाही असू शकतो, तेव्हाही लोक खोटे रुपये पाडायचेच. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या रुपयाने हळूच टिचकी मारा, खरा बराच वेळ किणकिणत राहतो, खोटा थप्प होतो. फरशीवर आपटून बघू नका, जुनी माणसं वाजवून घ्यायची ते ठीक, पण त्याने काठ दबतो.

अजून एक बघा, काठावर वरच्या बाजूला डाखाचा डाग किंवा कडी तोडल्याची खूण आहे का. आपल्याकडे रुपयांची माळ करून घालायची पद्धत होती, अशी नाणी नंतर सुटी करून ठेवलेली असतात. डाख लागलेलं नाणं संग्राहक घेत नाही, त्याला चांदीचाच भाव. कुठे बारीक ठसे मारलेले दिसले तर ते बहुतेक सराफांचे, रुपया खरा आहे का ते तपासून मारायचे. वाचायला मजा येते पण भाव त्यानेही उतरतो.

हिशोबासाठी समजा चांदीचा भाव ग्रॅमला 100 रुपये आहे, तर एका चांगल्या रुपयात 1,069 रुपयांची चांदी झाली. तुम्ही त्या दिवशीचा खरा भाव घाला आणि 10.69 ने गुणा, एवढं सोपं आहे. अधेल्या, पावल्या, चवल्या निघाल्या तर त्या याच प्रमाणात, आठ आण्यात निम्मी, चार आण्यात पाव, दोन आण्यात त्याच्याही निम्मी. फक्त 1918 पासूनची चवली, म्हणजे दोन आणे, आणि 1919 च्या सुमाराची काही आठ आणे-चार आण्याची नाणी चांदीची नाहीत हे लक्षात ठेवा, चांदी वाचवायला तीही तांबं-निकेलची केली होती.

चारमिनारवाल्या चारांबद्दल मला जास्त लिहावंसं वाटतंय कारण ती तुमच्या मातीतली आहेत. लातूर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, तिथे निजामाचा स्वतःचा रुपया चालायचा, त्याला हाली म्हणायचे आणि इंग्रजांच्या रुपयाला कलदार. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. तुमच्या पणजीला दोन्ही नाणी वापरावी लागली असणार, बाजारहाट हालीत आणि सोलापूरकडून काही आणायचं तर कलदार, म्हणून तर एकाच डब्यात दोन्ही निघालीत. आजी नव्वदीची म्हणजे यातली बहुतेक नाणी तिच्यापेक्षा जुनी, तिच्या सासूकडून आली असतील, घरात कुणाला आठवतंय का विचारा.

हाली रुपया 11.18 ग्रॅमचा, चांदी 81.8 टक्के, म्हणजे शुद्ध 9.15 ग्रॅम. याला मात्र सराफाचे 80 टक्के जवळजवळ बरोबर आहेत. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अक्षर असतं ते भिंगाने बघा. मीम असेल तर महबूब अली खान, सहावा निजाम, जो 1911 मध्ये वारला, आणि ऐन असेल तर उस्मान अली खान, शेवटचा. गावात कुणी उर्दू वाचणारे असतील तर साल वाचून घ्या, आणि त्यांनी 1330 सांगितलं तर भावाला आधीच सांगून ठेवा की हे सातशे वर्षांपूर्वीचं नाही, हे हिजरी साल आहे, 1330 म्हणजे आपलं 1911-12. या एका गैरसमजावर मी लोकांना भांडताना बघितलंय, "तेराशे तीसचं नाणं आहे, तुघलकाच्या वेळचं" म्हणून, आणि समोर चारमिनार, जो बांधलाच 1591 मध्ये! कमी निघालेल्या सालांचे हाली रुपये संग्राहक चांदीपेक्षा बऱ्या भावाने घेतात, म्हणून ही चार सराफाला आत्ता देऊ नका.

आता तो 1911 चा. ताई, हा तुमच्या डब्यातला सगळ्यात गमतीचा रुपया. पाचवा जॉर्ज गादीवर आला, नवा रुपया निघाला, त्याच्या झग्यावर एका मानाच्या साखळीत छोटा हत्ती कोरला होता. पण सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना ते डुक्कर वाटलं, मुसलमान समाजात नाराजी पसरली आणि सरकारला माल थांबवावा लागला. सुमारे 94 लाख रुपये पाडले होते, त्यातले सुमारे 7 लाखच बाहेर गेले होते, बाकीचे वितळवले. 1912 पासून सोंड लांब केली. म्हणून 1911 ला डुकराचा रुपया म्हणतात आणि संग्राहकाला तो लागतोच. नेहमीच्या रुपयाच्या कित्येक पट भाव मिळतो, मध्यम अवस्थेतला काही हजारात जातो. लाखात नाही, तरी मोडीत तर नक्कीच घालवायचा नाही. फक्त हा खोटाही भरपूर विकला जातो, म्हणून वजन बघा आणि भिंगाखाली अक्षरांच्या कडा बघा, ओतलेल्या खोट्या नाण्याची अक्षरं मऊ, साबणासारखी दिसतात आणि पृष्ठभागावर बारीक बारीक खड्डे असतात. तुमचा घरातल्या डब्यातून निघालाय म्हणजे खरा असायची शक्यता चांगली आहे.

बाकीच्या पाचव्या जॉर्जच्या रुपयांत 1921 किंवा 1922 दिसतंय का तेही एकदा नीट बघा, 1921 चा 1927 वगैरे वाचला जाऊ शकतो. त्या दोन सालांत रुपये त्या मानाने फार थोडे निघाले. मुंबईचा असेल तर मागच्या बाजूला खाली कमळाच्या फुलाखाली एक उठलेला बारीक टिपका असतो, कलकत्त्याच्या नाण्याला काही खूण नसते. आणि भाऊ उद्या 1939 च्या रुपयाचं विचारेल, कारण तो खरोखर लाखाच्या घरात जातो, पण म्हणूनच 1938 मधला 8 खरवडून 9 केलेले सुळसुळाट झालेत. राम-हनुमान असलेली, 1818 लिहिलेली ईस्ट इंडिया कंपनीची नाणी तर कंपनीने कधी पाडलीच नव्हती, ती सगळी नंतरची बनावट आहेत, तांदूळ ओढतात वगैरे गोष्टी ऐकल्या तर तिथून उठून घरी या.

चिंचेचं सांगतो. माझ्या आईकडे माहेरचे सात रुपये होते. दर लक्ष्मीपूजनाला ती ते चिंच आणि रांगोळीने घासायची, पाटावर मांडले की नुसते लखलख करायचे, मला लहानपणी तेच दिवाळीचं वाटायचं. पुढे नाणी जमवायला लागल्यावर मी त्यातला 1913 चा रुपया पुण्यात एका प्रदर्शनात नेला. तिथल्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याने काही न बोलता भिंग माझ्या हातात दिलं. राजाच्या गालावर सगळीकडे केसासारख्या बारीक रेघा, मिशी सपाट, कान बुजलेला, झग्यावरच्या हत्तीचा नुसता फुगवटा राहिलेला. मग त्याने त्याच्याजवळचा त्याच सालचा, कधीच न धुतलेला रुपया शेजारी ठेवला. काठाकडे निळसर-जांभळा काळवंडलेला, पण दिव्याखाली जरा तिरपा केला की चकाकीचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा गोल फिरत जायचा आणि हत्तीची सोंड वेगळी मोजता येत होती. त्या काळपट रुपयाचा भाव आमच्यापेक्षा खूप जास्त होता. चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते, तो थर वरच्या वर असतो, आणि घासलं की थराबरोबर नाण्याची कातडीही निघते.

आईला मी हे कधी सांगितलं नाही. तिची पूजा होती, तिने बरोबरच केलं. म्हणून तुम्हालाही सांगतो, पूजेला ठेवायचे असतील तर घासलेल्या 1917-18 मधले दोन-चार ठेवा आणि दर दिवाळीला खुशाल चिंच लावा, त्यांचा भाव चांदीचाच आहे, काही बिघडत नाही. पण 1911 चा, चारमिनारची चार, आणि ज्या रुपयांवर राजाच्या मुकुटाची नक्षी अजून टोकदार दिसते असे जे असतील, त्यांना चिंच नाही, टूथपेस्ट नाही, लिंबू नाही, भांड्याची पावडर नाही. काठाला धरून उचला, बोटं मधे टेकवू नका. मऊ लवचिक प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्यातून कालांतराने हिरवा चिकट थर येतो, आणि रबर बँड तर अजिबात नको, त्यात गंधक असतं, काळा पट्टा उमटतो. आजीचं सुती फडकं चांगलं होतं, फक्त एकमेकांवर घासणार नाहीत असं वेगवेगळं गुंडाळा.

अमेरिकेला पाठवू नका, हे जरा ठामपणे सांगतोय. आपल्याकडे 1972 चा पुरावस्तूंचा कायदा आहे, त्यात शंभर वर्षं झालेलं नाणं पुरावस्तू होतं, आणि पुरावस्तू खाजगी माणसाने देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. कुरिअरने असो की आत्याच्या मुलाने बॅगेत घालून नेलेलं असो, एकच. तो चांगल्या मनानेच म्हणत असेल, पण त्याला सांगा की विमानतळावर अडकला तर त्याच्याच गळ्याशी येईल. घरात ठेवायला, वारसाने घ्यायला, इथल्या इथे विकायला काही अडचण नाही, काळजी करू नका.

भिंतीचं भावाला नीट समजवा. ट्रंकेतलं आजीचं, ते तुमचं वारसाचं. पण जमिनीत किंवा भिंतीत पुरलेलं काही सापडलं तर 1878 चा गुप्तधनाचा कायदा लागतो, दहा रुपयांच्या वर किमतीचं काही मिळालं की कलेक्टरला लेखी कळवायचं, काय मिळालं, किती, कुठे, कधी. दहा रुपये हा आकडा तेव्हाचाच आहे, म्हणजे आज चांदीचा एक रुपया निघाला तरी कळवायला लागेल. कळवलं की चौकशी होते, मालक आणि सापडणारा यांचा हक्क बघतात. लपवलं तर हक्कही जातो आणि शिक्षाही होते. भिंत पाडायचीच असेल तर पाडा, पण मजुरांसमोर मोठ्याने "धन निघणार" म्हणत फिरू नका म्हणावं.

राहिलं काकांचं. त्यांना मोकळं व्हायचंय त्यात गैर काही नाही, डब्यात ठेवून उद्या भांडण होण्यापेक्षा आज वाटणी बरी. पण नगाने वाटलं तर कुणाला निकेलचा वाघ जाईल आणि कुणाला डुकराचा रुपया. म्हणून वजनाने करा. 33 रुपयांची 352, हालींची 37, 1942-44 च्या चारांची 23, सगळी मिळून 412 ग्रॅम, झीज धरून चारशेच्या आसपास शुद्ध चांदी आहे. 43 नाणी गुणिले एक तोळा असा सरळ हिशोब भाऊ करत असेल तर तो 500 ग्रॅम म्हणेल, त्याला हा कागद दाखवा. ज्यांना पैसे हवेत त्यांना त्या दिवसाच्या चांदीच्या भावाने पैसे, ज्यांना नाणी हवीत त्यांनी तेवढ्याच भावाने ठेवून घ्यायची. सगळ्यांच्या देखत एका कागदावर नाणं, साल, वजन असं लिहा आणि सह्या घ्या, आत्यांनाही बोलवा, त्यांचाही हक्क आहे. वाघाचे दोन पोरांना द्या.

1911 चा आणि हालीची चार या वाटणीतून सध्या बाहेर ठेवा. पुण्या-मुंबईला नाण्यांची प्रदर्शनं भरतात तिथे तीन-चार व्यापाऱ्यांना दाखवून मग भाव ठरवा, एकाच्या बोलण्यावर देऊ नका. कधी नाशिककडे गेलात तर अंजनेरीला नाण्यांचं अभ्यास केंद्र आणि संग्रहालय आहे, पोरांना घेऊन जा, त्यांना आजीच्या डब्याची किंमत तिथे वेगळी कळेल.

आणि मला त्या 1911 च्या रुपयाचे दोन फोटो पाठवा, पुढचा आणि मागचा, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता, आणि सोबत वजन लिहा. झग्यावरचा हत्ती जरा जवळून घ्या, तिथे फोकस बसला पाहिजे.